रिपोर्ट नॉर्मल, पण पाय उचलंना झालाय

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या सोप्यात वैनींचं शिलाई मशीन आहे. जुनं, पायडलचं. मोटर लावून घे म्हणून दादा कितीदा तरी म्हणाला, पण ब्लाऊजची बाही जोडताना पायाच्या अंदाजानंच टाका बरोबर पडतो, असं त्यांचं म्हणणं. डावा पाय पायडलवर, उजवा बाजूच्या पट्टीवर. इतक्या वर्षांत त्या पायाकडे त्यांनी कधी वाकून बघितलं नसेल.

तीन वर्षांमागं आषाढात परड्यात त्या घसरल्या आणि डावा घोटा मुरगळला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. क्रेप बँडेज आणि आठवडाभर विश्रांती. सूज उतरली, ठणका कमी झाला, आणि मग एका सकाळी स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जाताना तो पाय फरशीवरून नुसता फरपटत आला. "पाय उचलंना झालाय गे," एवढंच त्या मला म्हणाल्या. दुपारपर्यंत गुडघ्याखाली बधिर. दोन दिवसांत भिंत धरल्याशिवाय दारापर्यंत जाता येईना.

कमरेचा एमआरआय झाला, मेंदूचा झाला, नसांची तपासणी झाली, रक्त झालं. सगळीकडे एकच शेरा, नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाईल परत देत "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून सांगितलं. घरी आल्यावर वैनी भिंतीच्या आधारानं सोप्यात गेल्या, मशीनवर बसल्या आणि गिऱ्हाइकाचा अडकलेला ब्लाऊज पुढ्यात ओढला. डावा पाय पायडलवर खाली-वर, खाली-वर, आधी चालायचा तसाच. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. माझ्या तोंडून गेलं, "मशीन मारताना बरा चालतो की पाय!"

त्या काही बोलल्या नाहीत. मशीन थांबवलं आणि धागा दातानं तोडला.

मी ज्याला सोंगाचा पुरावा समजले, तोच त्यांच्या आजाराचा पुरावा होता. हे कळायला आम्हाला सात महिने आणि पाच दवाखाने लागले. आमच्या भागात, इकडं खानापूरपासून तिकडं निपाणीपर्यंत, असेच सात महिने कुणी ना कुणी काढत असणार, म्हणून जे समजलं ते सांगते.

या आजाराचं नाव फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. डॉक्टर त्याला थोडक्यात एफएनडी म्हणतात. मेंदू, मणका आणि नसा यांची रचना शाबूत असते, पण त्यांचं काम बिघडतं. वडगाव मागांचं गाव, म्हणून मला मागाचंच उदाहरण सुचतं. ताणा तुटलेला नाही, बाणा संपलेला नाही, धोटाही चालू आहे, पण नक्षीचे पत्ते चुकीच्या क्रमानं लागलेत. माग उघडून कितीही तपासला तरी तुटलेलं काही सापडणार नाही, आणि तरी साडीवर नक्षी चुकतच राहणार. एमआरआय हा मागाचा फोटो आहे. नक्षी कुठं चुकते ते त्या फोटोत येत नाही.

लक्षणं किती तऱ्हांनी येतात! कुणाचा हात किंवा पाय लुळा पडतो, कुणाला थरथर सुटते, कुणाची चाल बिघडते. कुणाचा आवाज जातो, कुणाला धूसर दिसतं, अर्धं अंग बधिर होतं. कुणाला फिट येते, पण ती अपस्माराची नसते. बहुतेकांना त्याबरोबर थकवा, दुखणं, झोपेचा बिघाड आणि डोक्यात धुकं बसल्यासारखं वाटणं असतंच. पुष्कळांना पाय लुळा पडल्यापेक्षा हा थकवाच जास्त छळतो, आणि घरच्यांना तो दिसत मात्र नाही. आजार बायकांत जास्त आढळतो, पण पुरुषांना आणि शाळकरी पोरांनाही होतो. न्यूरॉलॉजीच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांच्या, ओपीडीत तो दुर्मिळ नाही, नेहमीच्या कारणांपैकीच एक आहे.

आता निदानाबद्दल, कारण सगळी गाठ तिथंच पडते. आम्हाला वाटत होतं, काही सापडलं नाही की डॉक्टर "मानसिक" म्हणून मोकळे होतात. तसं झालं तर ते निदान नव्हे. एफएनडी ओळखायच्या ठरलेल्या खुणा असतात आणि त्या तपासून बघाव्या लागतात. पाचव्या ठिकाणच्या न्यूरॉलॉजिस्टनी वैनींना टेबलावर उताणं झोपवलं आणि डावी टाच खाली दाबायला सांगितलं. टाच हलली, जोर काही लागला नाही. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा तळहात वैनींच्या डाव्या टाचेखाली ठेवायला लावला आणि वैनींना म्हणाले, "आता डावा पाय विसरा. उजवा पाय वर उचला, मी वरून दाबतोय, जोर लावून उचला." वैनींनी उजवा पाय उचलायला जोर लावला आणि त्याच क्षणी डावी टाच माझ्या तळहातावर आदळल्यासारखी दाबली गेली. हात ओढून काढता येईना, एवढी ताकद.

एक पाय उचलताना दुसरा आपोआप खाली रेटला जातो, हे प्रत्येकाच्याच शरीरात होतं. वैनींच्या पायात ताकद होती, नसा शाबूत होत्या. मुद्दाम हलवायला गेलं की वाट अडत होती आणि लक्ष दुसरीकडे गेलं की उघडत होती. या खुणेला हूवरची खूण म्हणतात. हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९०८ साली ती नोंदवली. शंभर वर्षांहून जुनी, बिनपैशाची, दोन मिनिटांची तपासणी. तिला यंत्र लागत नाही, तरी ती आमच्यापर्यंत पोचायला सात महिने लागले, याचं मला अजून वाईट वाटतं. थरथरीसाठीही अशीच खूण आहे. दुसऱ्या हातानं ठरावीक ठेक्यावर टिचक्या मारायला लावल्या की थरथर थांबते किंवा तोच ठेका धरते.

डॉक्टरांनी ही खूण लपवून ठेवली नाही, वैनींना आणि मला दाखवून दिली. "तुमचा पाय खरोखर चालत नाही, हे मला दिसतंय. आणि तो परत चालू शकतो, हेही दिसतंय," असं म्हणाले. घरी येताना रिक्षात वैनी पहिल्यांदा रडल्या. इतके दिवस कुणी म्हणालंच नव्हतं की आजार खरा आहे.

"पण काहीतरी राहून गेलं असेल तर?" ही भीती प्रत्येक घरात असते, आमच्याकडेही होती. २००५ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात १९७० नंतरच्या अभ्यासांत असं निदान पुढं चुकीचं ठरल्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे न्यूरॉलॉजीतल्या इतर निदानांइतकंच. शिवाय एफएनडी आणि दुसरा आजार एकत्रही असू शकतो. म्हणून नवं लक्षण दिसलं तर ते दाखवायचं. पण त्याच जुन्या लक्षणासाठी मिरज, कोल्हापूर, हुबळी अशी फाईल फिरवत दर वेळी नवा एमआरआय काढण्यात पैसा जातो, आणि उपचार सुरू व्हायचा वेळही जातो.

मग पाय अडतो कशानं? हे कळायला मांडे करणारी बाई आठवा. बेळगावात लग्नाचे मांडे कुणी बघितले नाहीत! गोड सारणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, पार कोपरापर्यंत वाढवत नेते आणि उलट्या घातलेल्या तापल्या भांड्यावर अलगद टाकते. तिला विचारा, आत्ता कुठलं बोट कुठं वळवलंस? ती बोटांकडे बघायला लागली की मांडा फाटतो. चालणं, गिळणं, बोलणं, तोल सांभाळणं ही सगळी अशीच कामं. मेंदू ती आधीच्या अंदाजावर करतो. पुढचं पाऊल कसं पडणार हे त्यानं आधीच धरलेलं असतं आणि पाऊल पडल्यावर तो नुसतं ताडून बघतो.

घोटा मुरगळल्यावर पाय जपून टाकायचा, भार द्यायचा नाही, हे मेंदू शिकतो. ते बरोबरच असतं. काही जणांत सूज उतरली तरी तो अंदाज पुसला जात नाही. "हा पाय चालणार नाही" हेच मेंदूनं आधी धरलेलं असतं, आणि माणूस घाबरून जितकं पायाकडे बघतो तितका तो अंदाज घट्ट होतो. आपण हालचाल करतोय ही जाणीवही ढळते, म्हणून थरथर होते ती आपोआप होतेय असं वाटतं, आणि ते खरंच तसं असतं. मुद्दाम सोंग करणाऱ्यांच्या आणि हा आजार असलेल्यांच्या मेंदूचं काम संशोधनाच्या स्कॅनमध्ये वेगवेगळं दिसलेलं आहे.

सुरुवात बऱ्याचदा शरीराच्याच एखाद्या दुखण्यानं होते. लहानशी दुखापत, ताप, अर्धशिशीचा झटका, चक्कर, ऑपरेशन, कधी छातीत धडधड होऊन घाबरं होणं. मनावरचा ताण, लहानपणीचे घाव, घरातला छळ यांनी धोका वाढतो, यात शंका नाही. पण ते प्रत्येकात असतातच असं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शार्को नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी या रोग्यांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या फ्रॉइडनं मांडलं की दडपलेलं दुःख शरीराच्या लक्षणात उतरतं. त्या मांडणीचा पगडा शंभर वर्षं राहिला. २०१३ साली मानसिक आजारांच्या अमेरिकन नियमावलीतून "मानसिक कारण सापडलंच पाहिजे" ही अट काढून टाकली गेली. त्यामुळं "सांग, तुला कसलं टेन्शन आहे?" म्हणून रोग्याच्या मागं लागू नका. असेल तर त्यावर उपचार व्हावा, नसेल तर शोधून काढायचा हट्ट नको. वैनींना तर प्रत्येक जण हेच विचारायचा. शेवटी शेवटी त्यांना वाटायला लागलं की काहीतरी दुःख असायलाच पाहिजे, आपल्यालाच ते आठवंना झालंय.

फिटचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथं चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. एफएनडीच्या फिटमध्ये माणूस पडतो, हातपाय झाडतो किंवा निपचित राहतो, पण मेंदूत अपस्मारासारखा विजेचा लोळ उठत नाही. डोळे बरेचदा घट्ट मिटलेले असतात, झटका लांबतो, मधे थांबून परत सुरू होतो. तरी यावरून घरात बसून निकाल लावू नका. खात्रीची तपासणी म्हणजे झटका चालू असताना ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, आणि व्हिडिओ एकत्र घेणं. घरात मोबाईल असेल तर दुसऱ्या कुणीतरी चेहऱ्यासकट सगळं अंग दिसेल असा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा, त्याचा फार उपयोग होतो. काही जणांना दोन्ही प्रकारच्या फिट असतात, म्हणून अपस्माराच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

झटका आला की आपल्याकडे कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडतं, दातात चमचा घालतं, चारजण मिळून हातपाय दाबून धरतात. यातलं काहीही करू नका. लागण्याजोग्या वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, गर्दी हटवा, आणि एकानंच हळू आवाजात बोलत राहा. त्या माणसाला ऐकू येत असण्याची शक्यता बरीच असते. "परत सुरू झालं हिचं" हेही त्याला ऐकू जातं. पहिलाच झटका असेल, इजा झाली असेल, किंवा निदान नक्की नसताना झटका पाच मिनिटांवर गेला, तर दवाखाना गाठायचाच.

आणि दारापर्यंत येतं ते देवाधर्माचं. आमच्याकडेही कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं देवस्की बघा, कुणी सौंदत्तीला यल्लम्माचा नवस बोलायला सांगितलं. आईनं नवस बोलला, अंगारा लावला. त्यानं आईच्या जीवाला आधार मिळाला आणि वैनींना त्रास काही झाला नाही, त्यावर मी काय बोलणार? जत्रेत अंगात येणं हाही आजार नव्हे, तो त्या जागेचा, त्या भक्तीचा भाग आहे. पण "बाहेरचं" उतरवायचं म्हणून कुणी मिरचीची धुरी दिली, केस धरून मारलं, चटके दिले, तर तो अत्याचार आहे. कर्नाटकचा २०१७ चा आणि महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा असल्या प्रकारांना गुन्हा मानतो, म्हणजे सीमेच्या कुठल्याही बाजूला नेलं तरी तो गुन्हाच. आधीच भेदरलेल्या मेंदूला मारानं आणखी भेदरवलं तर आजार घट्ट होतो, सुटत नाही.

उपचारातलं पहिलं औषध म्हणजे निदान नीट समजावून सांगणं. काही जणांत लक्षणं तेवढ्यानंही सैल पडतात. वैनींचं तसं झालं नाही, पण भीती निम्म्यावर आली. पुढची पायरी फिजिओथेरपी, पण नेहमीची नव्हे. शेक, मालिश, विजेचे झटके, आडवं पडून पाय उचल-ठेव यानं फारसं साधत नाही, कारण स्नायू अशक्त नाहीतच. इथं लक्ष पायावरून काढून घ्यायचं असतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी वैनींना आधी उलटं चालायला लावलं, आणि काय सांगू, डावा पाय उचलला गेला! मग आडवं चालणं, गाण्याच्या ठेक्यावर चालणं, हातातला चेंडू झेलत चालणं. पुढं तर त्यांनी विचारलं, "मशीनवर पाय कसा चालतो?" आणि खुर्चीवर बसवून, डोळ्यांपुढं कापड धरायला लावून, पायडल मारायची तीच लय जमिनीवर धरायला शिकवली. बसून ती जमली, मग टेबल धरून उभ्यानं, मग एक पाऊल पुढं टाकत. मी ज्या गोष्टीवरून टोमणा मारला होता, तिथूनच त्यांचं चालणं परत आलं.

काठी, वॉकर किंवा पट्टा घाईनं घेऊ नये, कारण मेंदू त्यालाच नवी चाल समजून बसतो. पडण्याचा धोका असेल तर लागेल तेवढाच आधार घ्यावा. एफएनडीची स्वतःची अशी गोळी नाही. नैराश्य, अर्धशिशी, दुखणं, झोप यांवर गोळ्या असतात आणि गरज असेल तर त्या जरूर घ्याव्यात. ताकदीचं सलाईन मात्र उगाच. फिट असतील त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडची बोलण्याची थेरपी उपयोगी पडते. झटक्याआधी शरीर काय इशारा देतं ते ओळखायचं आणि त्या क्षणी लक्ष बाहेर वळवायचं, समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची, गार लोटी हातात धरायची. मानसोपचाराला पाठवलं म्हणजे वेड ठरवलं नव्हे, हे घरातल्या थोरांना आधी समजावून ठेवा.

जादू होईल असं मी कुणाला सांगणार नाही. २०२० मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, एफएनडीच्या फिट असलेल्या ३६८ रोग्यांच्या ब्रिटिश चाचणीत बोलण्याच्या थेरपीनं महिन्यातल्या झटक्यांची संख्या ठळकपणे कमी झाली नाही. पण झटक्यांचा जाच कमी झाला, झटक्याविना जाणारे दिवस लांबले, रोजचं जगणं सुधारलं. काही माणसं पूर्ण बरी होतात, पुष्कळजण बरीचशी बरी होतात, काहींचा आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो. निदान लवकर झालं आणि रोग्याला ते पटलं तर फरक पडतो.

घरच्यांनी काय करायचं? आम्ही दोन टोकं करून बघितली. आधी मी टोमणे मारले, मग पश्चात्तापानं वैनींना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. दोन्हीनं नुकसान झालं. "आज पाय कसा आहे?" हा रोजचा प्रश्न बंद करणं हीच सगळ्यात मोठी मदत ठरली. तो विचारला की लक्ष पायावर. त्याऐवजी "आज कुणाचा ब्लाऊज द्यायचाय?" असं विचारायला लागलो. दुसरी गोष्ट कामाची वाटणी. चांगला दिवस उगवला की वैनी सगळं उरकायला धावायच्या, विशेषतः गणपतीच्या आधी, जेव्हा शिवणाचा ढीग पडतो. आणि मग तीन दिवस अंथरूण. फिजिओथेरपिस्ट बाईंनी घड्याळ लावायला शिकवलं. पंचवीस मिनिटं मशीन, दहा मिनिटं विश्रांती, चांगल्या दिवशीही आणि वाईट दिवशीही तेवढंच. दादानं तो अलार्म आपल्या फोनवर लावला, कारण वैनी आपला बंद करायच्या.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गेला, बोलणं अडखळलं, तर हे एफएनडी असेल म्हणून घरी थांबू नका. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. लघवी-संडासवरचा ताबा गेला तरीही लगेच दवाखान्यात जा.

दाखवायचं ते न्यूरॉलॉजिस्टना. बेळगावात ते आहेत. न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार दोन्ही हवेत तर धारवाडला डिमहान्स आणि बेंगळुरूला निमहान्स या सरकारी संस्था आहेत. मनाचा भार हलका करायला टेली-मानस ही सरकारी फोन सेवा, १४४१६, चोवीस तास फुकट. डॉक्टर मराठी बोलणारे नसतील तर कन्नड बोलणारं कुणीतरी बरोबर न्या आणि लक्षणं आपल्या शब्दांत आधी लिहून काढा. "बधिर", "मुंग्या", "जड" आणि "ताकद नाही" या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे त्या चारींचं भाषांतर एकच झालं होतं, वीकनेस.

वैनी आता चालतात. दमल्या, झोप झाली नाही, की डावा पाय अजूनही ओढतो. मग त्या पायाकडे बघत नाहीत. शाळा मराठी झाली, त्यामुळं कन्नड त्यांना अक्षराला अक्षर जोडत वाचावं लागतं. वडगावच्या रस्त्यानं जाताना पाय अडला की त्या वर बघून दुकानांच्या कन्नड पाट्या वाचत जातात. गेल्या आठवड्यात भाजी आणायला आम्ही बरोबर गेलो. औषध दुकानापासून सायकल दुकानापर्यंत त्या पुटपुटत होत्या, मी शेजारून पिशवी धरून चालले होते. एका जोडाक्षरापाशी अडल्या आणि मला विचारलं, "हे काय गे?" मलाही ते वाचता आलं नाही. तोवर आम्ही चौक ओलांडला होता.